पुडीवरचा चंद्र

"तीस वर्षं दवाखान्यात काढलीत, काहीतरी लिहा ना सिस्टर," असं आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, तेव्हा माझा हात आधी कपाटाच्या वरच्या कप्प्याकडे गेला. तिथे पूर्वी बी.पी.चं मशीन असायचं. घाबरलं की मोजायचं, ही माझी सवय. आता ते मशीन तिथे नाही. ते कुठे गेलं आणि का गेलं, एवढंच मला सांगायचं आहे. पण त्यासाठी आधी माझं काम सांगायला हवं, आणि मग भगवानचं सांगायला हवं. ती दुसरी गोष्ट मी आठ-नऊ वर्षं टाळत आले.

गुजराती मुलखात, बमरोलीला, कापडाच्या कारखान्यांच्या रांगेमागे आमचा दवाखाना होता. दोन खोल्या. आत डॉक्टरसाहेब, बाहेर मी. साहेब गुजराती, स्वभावाने सोनं. पेशंट बहुतेक आपले खानदेशातले, मागावर काम करणारे. ते बोलायचे ते साहेबांना अर्धं कळायचं आणि साहेब बोलायचे ते त्यांना पाव. मधली दुभाषी मी. इंजेक्शन देणं, जखम बांधणं, गोळ्यांच्या पुड्या करून त्या कशा घ्यायच्या ते समजावणं आणि बी.पी. मोजणं ही माझी कामं. त्यातलं बी.पी. माझ्या विशेष आवडीचं.

लोकांना वाटतं, दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, झालं. तसं नसतं. माणूस जिना चढून आला असेल, चहा ढोसून आला असेल, लघवी धरून बसला असेल तर आकडा खोटं बोलतो. म्हणून आधी पाच मिनिटं बसवायचं. पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, हात टेबलावर. मग पट्टा. मग माझी ठरलेली दोन वाक्यं : "हात सैल सोड. बोलू नको." पाऱ्याच्या जुन्या मशीनवर कोपराच्या खळीत ठोके ऐकायचे. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आवाज बुडतो तो खालचा. माझे कान तयार होते. साहेब म्हणायचे, सिस्टरने लिहिलं ते लिहिलं.

आकडा मात्र मी पेशंटला सांगत नसे. आकडा ऐकला की माणूस तो घरी घेऊन जातो, उशाशी ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी वीसने वाढवून परत आणतो. माझ्याकडे फक्त दोन निकाल असत. ठीक असेल तर "कामवर जाय", आणि नसेल तर "साहेबले भेटी जाय". अख्ख्या बमरोलीला हे दोन निकाल पाठ होते. रस्त्यात कुणी भेटलं तरी हसून विचारायचं, "आक्का, आज कामवर जाऊ का?"

नग एकेक यायचे. भेस्तानचे एक निवृत्त मास्तर वही घेऊन यायचे. आकडा सांगितल्याशिवाय उठायचे नाहीत, आणि सांगितला की पेपर फेरतपासणीला टाकावा तसे म्हणायचे, "बाई, चार कमी करा, मी घाईत आलोय." एक आजी होत्या. त्यांच्या दंडावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं होतं. त्या दंडाला पट्टा बांधू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "त्यासले आवळू नको माय, आधीच दमा व्हता त्यासले." नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. मी मुकाट दुसरा हात घ्यायची.

मागावरच्या माणसांची आणखी एक गंमत सांगते, कारण पुढे ती गंमत राहिली नाही. कारखान्यात एका वेळी शेकडो माग धडधडत असतात. बारा-बारा तास त्या आवाजात काढून ऐकू कमी येतं, पण डोळे तयार होतात. समोरच्याचे ओठ हलले की शब्द कळतो. खोलीच्या टोकाला बसलेला माणूस मी साहेबांच्या कानात काय पुटपुटले ते बरोबर सांगायचा. यांच्यासमोर चोरून काही बोलायची सोय नव्हती.

पुड्यांचं काम माझ्या डोक्यातून निघालेलं होतं. बऱ्याच जणांना वाचता येत नसे आणि ज्यांना येई त्यांना साहेबांचं अक्षर लागत नसे. म्हणून मी पुडीवर चित्र काढायची. सकाळच्या गोळीच्या पुडीवर सूर्य, रात्रीच्या गोळीच्या पुडीवर चंद्र. सूर्याला किरणं, चंद्राची कोर. पोराटोरांनाही कळेल असं. मला त्याचा फार अभिमान होता. माझ्या चंद्राची कोर सुरेख यायची.

भगवान आला तेव्हा पस्तिशीचा असेल. शिरपूरकडचा. अंगाने धिप्पाड, पण खुर्चीत असा बसला जणू ती मोडेल.

"आक्का, छातीमा धडधड व्हस," तो म्हणाला. "कारखानामा जावानं म्हनं का हातपाय थंड पडतस. माले भेव वाटस."

"कसानं भेव?"

"तेच तर समजत नही."

मोजलं. एकशे अठ्ठावन्न, शंभर. मी म्हटलं, "साहेबले भेटी जाय." साहेबांनी हृदयाचा आलेख काढायला पाठवलं, रक्त तपासायला पाठवलं. सगळं नीट. मग त्यांनी त्याला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिकडे जायलाच भगवानने महिना घालवला, कारण खोलीतल्या सोबत्यांना कळलं तर वेडा म्हणतील. शेवटी त्याची बायको लता त्याला ओढत घेऊन गेली. लता म्हणजे चुणचुणीत बाई. घरी साडीवर टिकल्या लावायचं काम करायची आणि नवऱ्याच्या आजाराशी कंबर कसून भांडायची.

तिथून ते चिठ्ठी घेऊन सरळ माझ्याकडे आले. चिठ्ठी इंग्रजीत. सकाळी एक गोळी, मनाची. रात्री झोपताना एक लहान, झोपेची. शिवाय बी.पी.ची. मी पुड्या केल्या, सूर्य काढला, चंद्र काढला, आणि नेहमीसारखं ठसक्यात सांगितलं, "सूर्य सकायले, चंद्र रातले. चुकजो नको."

हे औषध सुरू करताना पहिले पंधरा दिवस कसे असतात, ते मला तेव्हा ऐकून माहीत होतं. गोळी गुण द्यायच्या आधी त्रास देते. पोट ढवळतं, हात थरथरतात, घाबरणं कमी व्हायच्या ऐवजी कधी वाढतं, आणि घाबरण्याबरोबर बी.पी.ही चढतं. भगवान रोज यायचा. "मोजी दे, आक्का." पहिल्या आठवड्यात कसंबसं ढकललं. दुसऱ्या आठवड्यात त्याचे डोळे लाल, चेहरा ओढलेला. "सूर्यनी गोयी लिधी का झोपच येत नही," म्हणाला. मी म्हटलं, "पंधरा दिन धीर धर." मी त्याला एवढंच विचारायला हवं होतं की या आठवड्यात तुझी पाळी कोणती. ते विचारलं नाही.

आठ दिवस दिवसपाळी, आठ दिवस रातपाळी, हा इथल्या प्रत्येक मागाचा नियम. मी तीस वर्षं त्या माणसांत राहिले. माझा नवरा कापड रंगवायच्या डाइंग हाउसमध्ये रातपाळी करून निवृत्त झाला. तरी पुडीवर चंद्र काढताना माझ्या डोक्यात आलं नाही, की रातपाळीच्या माणसाची झोप सकाळी असते.

मी धीर धर म्हटल्यानंतर चौथ्या दिवशी लता एकटीच आली. पदर तोंडावर.

"तो मशीनवरच डुलकी लेत व्हता, आक्का. बाही खेचाई गयी. बाजूना भाऊनी बटन दाबं म्हनीसन हात वाचना." मग म्हणाली, "गोयीनंच कयं हाई."

मी विचारलं, "कोणती गोळी, कधी घेतली?"

"तू सांगं तशी. चंद्रनी, रातले. मीच डबामा टाकी देऊ."

म्हणजे झोपेची गोळी चालू मागासमोर, आणि मनाची गोळी, जी काही जणांची झोप उडवते, ती सकाळी नेमकी झोपायच्या आधी. माझ्या छातीत तेव्हा जे झालं, ते मला आज चांगलं ओळखता येतं. तेव्हा मी फक्त टेबलाची कड धरली. आणि बोलले काय? "जाऊ दे लता, हात वाचला ना." एवढंच बोलले. साहेब आत होते. दार उघडं होतं. चार पावलं चालून जाऊन सांगायचं होतं, साहेब, माझी चूक झाली. मी गेले नाही.

शेठने भगवानला घरी बसवलं. भगवानने सगळ्या गोळ्या एकदम फेकून दिल्या, त्याचा वेगळा त्रास झाला असणार, आणि महिन्याभरात दोघं गावी निघून गेली. जाताना तो भेटायला आला नाही. मला हायसं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

त्यानंतर मी चंद्र काढायचं बंद केलं. सकाळ-रात्रीच्या जागी उघडा डोळा आणि मिटलेला डोळा काढू लागले. उठल्यावर घ्यायची ती उघडा डोळा, झोपताना घ्यायची ती मिटलेला. पाळी कोणतीही असो. साहेबांनी एकदा पुडी उचलून पाहिली आणि खूश झाले. "सिस्टर, तमारु मगज सरस चाले छे!" तुमचं डोकं छान चालतं म्हणे. शेजारच्या मेडिकलवाल्यानेही माझे डोळे उचलले. मी हसून मान डोलावली. हे डोळे कुणामुळे सुचले, ते कुणीच विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी साहेबांनी वयामुळे दवाखाना बंद केला. मी भेस्तानला घरी बसले. मुलगी सासरी. नवरा सकाळी बागेत, दुपारी झोपेत. सगळं सुरळीत. आणि एक दिवस कुकरची शिट्टी झाली आणि माझ्या छातीत भगवानची धडधड सुरू झाली. कारण विचारू नका, मी स्वतःला हजारदा विचारलं. मुलगी फोन उचलायला उशीर करी तर हातपाय गार. दाराची बेल वाजली तर गार. काही वाजलं नाही तर, का वाजलं नाही म्हणून गार.

बटण दाबलं की चालणारं बी.पी.चं मशीन नवऱ्याने आणलं, तेही मला बरं वाटावं म्हणून. आगीत तेल म्हणतात ते असं. उठल्यावर मोजायची. चहाआधी मोजायची, चहानंतर मोजायची. एकशे पन्नास आलं की ते खोटं असेल म्हणून परत मोजायची, मग एकशे साठ. मग दुसरा हात. दिवसाला वीस-बावीस वेळा. ज्या बाईने तीस वर्षं लोकांना आकडा सांगितला नाही, ती आकड्याशिवाय पाणी पीत नव्हती. नवऱ्याने एकदा मशीन पिठाच्या डब्यात लपवलं. मी ते शोधून काढलं, पीठ झटकलं आणि झटकता झटकता मोजलं. एकशे बहात्तर.

शेवटी मीही मनाच्या डॉक्टरांकडे गेले. तरुण बाई होत्या, शांत. त्यांनी बी.पी.ची गोळी नीट बसवली आणि सकाळची एक गोळी दिली. चिठ्ठीवरचं नाव मी दोनदा वाचलं. भगवानला दिलेली तीच गोळी. त्या म्हणाल्या, "बेन, पहिले पंधरा दिवस जरा त्रास होईल. घाबरणं वाढल्यासारखं वाटेल. छातीत दुखलं, श्वास लागला, बोलणं अडखळलं किंवा नको नको ते विचार यायला लागले तर थांबू नका, लगेच या. एरवी रोज सकाळ-संध्याकाळ एकेकदाच मोजा, पाच मिनिटं बसून, आणि लिहून मला दाखवा. आणि मनाने गोळी बंद करू नका." हे सगळं मी शेकडो लोकांना सांगितलेलं होतं. मान डोलावत ऐकलं आणि घरी येऊन पाच वेळा मोजलं.

पंधरा दिवस म्हणजे किती असतात, हे मला तेव्हा कळलं. तोंडाला कोरड. जेवणाचा वास नको. बसलं तर उठावंसं, उठलं तर बसावंसं. अंगात कुणीतरी मोटार चालू करून निघून गेलं आहे, असं. भाजी चिरताना सुरी थरथरायची. आणि मनात एकच : ही गोळीच मला मारणार. लता म्हणाली होती, गोयीनंच कयं. मी भगवानला धीर धर म्हणाले होते. किती सोपं होतं ते म्हणायला! माझी तर रातपाळीही नव्हती, मऊ गादी होती, नवरा पाय दाबत होता, तरी मला धीर धरवत नव्हता.

नवव्या दिवशी मी ठरवलं, बास. उरलेल्या गोळ्यांची पानं पिशवीत टाकली, मशीनही टाकलं, कारण ते घेतल्याशिवाय मी कोपऱ्यापर्यंतही जात नव्हते, आणि बमरोलीच्या त्या जुन्या ओळखीच्या मेडिकलवर पानं परत करायला गेले. घेतलीही तिथूनच होती; भेस्तानच्या मेडिकलवर गेले असते तर शेजारणींना कळलं असतं. भगवानने महिना का घालवला, तेही मला तिथे चालताना कळलं.

काउंटरवर एक बाई पाठमोरी उभी होती. मेडिकलवाल्याने तिच्यापुढे गोळ्यांची पानं ठेवली. माझ्या पिशवीत होती तीच. बाई वळली. लता.

"आक्का!" तिने माझे हात धरले. "कितली वाळनीस तू! काय व्हयनं?"

मी पानांकडे बोट केलं. "हाई कोनासाठे?"

"त्यानासाठे. गाववरथून परत उनूत आम्ही. चार वरीस व्हयनात, परत चालू कयी. आते बेस शे. चलथाणले रसवंती टाकी शे त्यानी. डूटी एकच, दिवसनी." मग माझ्याकडे नीट पाहून हळूच म्हणाली, "तुले बी हाईच शे का? कितला दिन व्हयनात?"

"नऊ."

"मंग सोडू नको. पंधरा दिन तो बी मांजरना मायक घरमा फिरे. रोज म्हने, सोडी देस." ती जवळ सरकली. "पयले आमनीच चूक झायी व्हती, आक्का. आम्ही अडानी. रातनी डूटी व्हती तरी मी चंद्रनी गोयी रातलेच देऊ, डबामा टाकीसन. दुसरा डॉक्टरनी समजाडं तवय कळनं. मन्हा चुकीमुळेच त्याना हात जाता जाता वाचना. आजबी डबा भरताना माले ते याद येस."

मेडिकलवाल्याने मला विचारलं, "बोला सिस्टर, शु आपु?" काय देऊ म्हणे. मी म्हटलं, काही नाही. पानं पिशवीतच राहिली. लता निघून गेली आणि मी तिथल्या बाकावर बसून मोजलं. आकडा लिहीत नाही, घरच्यांनी अजून पाहिलेला नाही.

एक बाई नऊ वर्षं स्वतःला गुन्हेगार समजत डबा भरत होती, आणि चंद्र माझा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घ्यायची की नाही, यावर मी अर्धा तास घालवला. शेवटी घेतली, का ते माहीत नाही. मग नवऱ्याला सांगितलं, चलथाणला जाऊन येते. एकटी? एकटी. त्याने फक्त मशीन पिशवीत आहे का ते पाहून घेतलं. टेम्पोरिक्षातून जाताना दोनदा उतरावंसं वाटलं. मनात वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते.

रसवंती रस्त्याच्या कडेलाच होती. बांबूचा मांडव, चार बाकडी, मधोमध डिझेलवर चालणारं उसाचं यंत्र. भगवान ऊस घालत होता. केस पांढरे झालेले, अंगावर स्वच्छ बनियन. मला पाहून त्याने नुसती मान हलवली आणि हसला. लता मागे ग्लास विसळत होती. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यामुळे यंत्र चालूच राहिलं. धडधड एवढी, की स्वतःचा आवाजही कळेना.

खरं सांगते, मला तेच बरं वाटलं. मी यंत्राच्या पलीकडे उभी राहिले आणि बोलून टाकलं. मोठ्याने नाही. पुटपुटल्यासारखं. की चंद्र मी काढला होता, पाळी विचारायची होती ती मी विचारली नाही, आणि लता आली त्याच दिवशी मला सगळं कळलं होतं. आवाजात बुडून जाईल, आपलं सांगून झालं असं मनाला म्हणता येईल, असा माझा हिशोब होता. मांडवाखाली मागावरचा माणूस उभा आहे, याचा मला विसर पडला.

भगवानचे डोळे माझ्या ओठांवर होते. तो ऊस घालायचा थांबला. हातातला ऊस त्याने बाजूला ठेवला, खाली वाकला आणि इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. गिऱ्हाइकंही बघू लागली.

"परत सांग, आक्का," तो म्हणाला. "मोठाई सांग. लताले ऐकू येऊ दे."

मी बाकड्याची कड धरली, जशी तेव्हा टेबलाची धरली होती. आणि परत सांगितलं. या वेळी मोठ्याने, लताकडे बघून. "तुनी चूक नव्हती लता. मनी व्हती. माले तवयच समजनं व्हतं."

लताच्या हातात ग्लास होता. तो तिने पाण्यात सोडला.

"तवय काबरं सांगं नही?"

"भ्याली व्हती."

"आनि मी? नऊ वरीस?" एवढंच म्हणाली. मग पाठ फिरवून ती ग्लास विसळू लागली. एकाच ग्लासला कितीतरी वेळ लागला. मी रडले, पण त्याचं काय! रडणं मला तेव्हाही जमलं असतं.

गिऱ्हाइकं रस न घेताच सटकली. भगवानने फडक्याला हात पुसले. माझ्याकडे आला. मग त्याने पिशवीकडे बोट केलं. मशीनचा पट्टा बाहेर डोकावत होता.

"दे आठे. बस."

मी मशीन त्याच्या हातात दिलं आणि बसले. त्याने मला पाच मिनिटं बसवलं. खरंच पाच मिनिटं, मनगटावरचं घड्याळ बघत. पाय जमिनीवर टेकवायला लावले. मग माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, नीट, कोपराच्या दोन बोटं वर, जसा मी त्याला गुंडाळत असे. आणि म्हणाला,

"हात सैल सोड. बोलू नको."

मशीन घरघरलं, पट्टा आवळला आणि हळूहळू सैल झाला. पडदा त्याच्याकडे होता. त्याने आकडा पाहिला. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तीस वर्षं लोक माझ्या चेहऱ्याकडे असंच पाहत असणार. त्याच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना.

"कामवर जाय, आक्का," तो म्हणाला आणि पट्टा सोडला.

मी उठले. चप्पल घातली. मांडवाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा मागून लताचा आवाज आला. ती अजूनही पाठमोरीच होती.

"गोयी सोडू नको."

भेस्तानला उतरले तेव्हा पिशवी हलकी लागली. मशीन त्या बाकड्यावरच राहिलं होतं. दारात नवरा उभा. चेहऱ्यावर नेहमीची काळजी, ओठांवर नेहमीचा प्रश्न.

"कितलं?"

"विचारलंच नाही," मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीच्या पुडीवर उघडा डोळा काढायला बसले.